आतल्या मशीनचा बन्सी

चुलीवर चहा ठेवला होता आणि बाहेर ओट्यावर दोघं भांडत होते. एक आमचे मालक, माझे घरधनी हौसराव. दुसरा बन्सी ओव्हाळ, पाण्याच्या सोसायटीचा ऑपरेटर. दार लोटलेलं होतं, पण आमच्या दाराला फट आहे आणि मला कान आहेत.

"माझा आवाज माझ्याच तोंडात ऱ्हाऊ दे, बन्सी. मी हितं भाकरी खात आसन, आन् माझा आवाज सिंधूबाईच्या घरात जाऊन बोंबलत आसन. ही कसली रीत?"

"आप्पा, बाईचा आवाज लावून बघितला. लोकांना वाटतं बँकेवाली लोन पायजे का विचारतीय. कापत्यात फोन."

"मग तुझा लाव."

"माझा कोण ऐकतंय? चौदा एप्रिलला आन् जत्रंला साउंडवर हॅलो हॅलो करणारा म्हणून वळखत्यात मला. तुमच्या आवाजाला गाव भितं."

"भितं का?" मालक म्हणाले. त्यांचा सूर थोडा खाली आला. गाव आपल्याला भितं हे ऐकायला कोणाला नको असतं? पण लगेच परत तिरपा प्रश्न आला. "आन् मी मेल्यावर?"

बन्सी म्हणाला, "मेल्यावर पुसून टाकीन. शब्द देतो."

तेवढ्यात चहा उतू गेला. मी मालकांची भाकरी थापताना त्यांच्या मरणाची बोलणी ऐकायची म्हणजे काय, असं मला झालं, पण चहा दोघांना नेऊन दिला आणि काही ऐकलं नाही असं तोंड केलं. ह्या गोष्टीला नऊ-दहा वर्षं झाली. मालक जाऊन सहा झाली. बन्सी ह्या श्रावणात गेला.

बन्सी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मला काकू म्हणायचा. पाबळच्या शाळेत वायरिंग, वेल्डिंग, पंप दुरुस्ती असलं हाताचं काम शिकला. मग शिक्रापूरकडं एका कंपनीत चौदा वर्षं रात्रपाळ्या केल्या आणि एक दिवस मोपेडवर पेटी बांधून गावात परत आला. का आलास म्हणून विचारलं तर म्हणाला, "तिथं मशीन माझ्याशी बोलायचं, पण माणूस बोलायचं न्हाई." बायको आधीच गेलेली, मुलगी दौंडला दिलेली. एकटा राहायचा, एकटा रांधायचा, आणि दुपारी बाराच्या ठोक्याला जेवायला घरी जायचा. पूर येवो की पाहुणा येवो, बारा म्हणजे बारा.

आमच्या वडगाव रासाईला भीमा आहे. काठाला शेतीचं पाणी उपसायच्या दीडशेच्या वर मोटारी बसवलेल्या, पाण्याला अगदी टेकून. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सोडलं की ते आमच्यापर्यंत यायला काही तास लागतात. तेवढ्या तासांत मोटार दोर लावून वर ओढायची. उशिरा कळलं की मोटार जाते. आणि ती वाचवायला जो उतरतो तोही जातो. आमच्या आळीतल्या रंभाचा नवरा असाच गेला. दवंडीवाला अर्ध्या आळीपर्यंतच पोचला होता. त्याला बाहेर काढायला जे चौघं उतरले त्यांत बन्सी होता. त्यानंतर महिनाभरात सोसायटीच्या जुन्या मशीनवर त्यानं हे फोनचं काम बसवलं. एक बटण दाबलं की सगळ्या आळीला फोन जायचे, आणि यादी त्यानं नदीच्या वाटेनं लावली होती. वरच्या अंगाचं घर पहिलं, खालच्या अंगाचं शेवटचं. पाणी ज्या क्रमानं येणार, त्या क्रमानं फोन.

फोन उचलला की आमचे मालक बोलायचे. "मी हौसराव बोलतोय. नदीला पाणी येतंय. मोटारी वर घ्या. पोरं नदीला आसतील तर हाका मारा." लोक ताटावरून उठायचे.

मालक गेल्यावर बन्सीनं तो आवाज पुसला नाही. मी काही विचारलं नाही, तोच एकदा म्हणाला, "ह्या पुरापुरता ठेवतो, काकू. दुसऱ्या कशाला उठतच न्हाईत." पुढच्या पुराला परत तेच म्हणाला. असे पाच पावसाळे गेले. मी ह्यातलं थोडं आळीतल्या सिंधूबाईला सांगितलं होतं, म्हणजे गावाला सांगितलं होतं.

ह्या वैशाखात सोसायटीला मोठं मशीन आलं. मालकांच्या माघारी ऑफिस झाडायचं काम माझ्याकडं आहे, म्हणून ते मी रोज बघते. बन्सीला एक सवय होती. काम अडलं की तो मला समोर बसवायचा आणि सांगायचा. मला कळावं म्हणून नाही, मला सांगता सांगता त्याला स्वतःला कळायचं म्हणून. त्यामुळं मी तिसरी शिकलेली बाई हे सांगू शकते.

मोठं मशीन म्हणजे पत्र्याची पेटी. ती ज्यांनी दिली त्यांनी तिच्यात आधीच एक डबा ठेवून दिला होता, आणि सोसायटीला सांगितलं होतं, तुमचं काय ते ह्या डब्यात करा, पेटीला हात लावू नका. डबा म्हणजे खरा डबा नव्हे. एका मशीनच्या पोटात दुसरं मशीन आहे असं नुसतं भासवायचं, पण ते खऱ्यासारखं चालतं. आता बन्सीचं फोनचं काम जुन्या धाटणीचं, नव्या डब्यात ते श्वासच घेईना. मग त्यानं डब्यात अजून एक डबी बसवली, आणि जुन्या मशीनमधलं सगळं, जसंच्या तसं, त्या डबीत उतरवलं. प्रत्येक मशीनला कारखान्यात एक नंबर ठोकलेला असतो म्हणे, आपल्या अंगावरच्या गोंदणासारखा. जुन्याचा तो नंबरसुद्धा त्यानं डबीला दिला. कारण फोन लावून देणारी जी लांबची कंपनी, ती त्या नंबरालाच ओळखायची.

"म्हंजी जुनं मशीन मेलं, आन् त्याचा जीव ह्या तिसऱ्यात घातला म्हण की," मी म्हणाले.

"असंच समजा, काकू."

"आन् मालकांचा आवाज?"

"सगळ्यात आतल्या डबीत."

पहिल्या दिवशी आतल्या डबीला इंटरनेटच मिळेना. बन्सीनं एकेक पायरी तपासली. डबी डब्याला हाक मारती का? मारती. डबा पेटीला मारतो का? मारतो. पेटी बाहेर जगाला मारती का? तीही मारती. मग डबीची हाक बाहेर का जात नाही? दोन दिवसांनी सापडलं. पेटीच्या दारात एक राखणदार बसवलेला असतो. तो फक्त स्वतः नाव दिलेल्यांनाच बाहेर सोडतो. डबीचं नाव त्यानं दिलेलं नव्हतं, म्हणून तो तिची चिठ्ठी गुपचूप फाडून टाकत होता. बन्सीनं पेटीवाल्यांना फोन करून त्याला समजावायला लावलं, ह्या डब्यातून दुसऱ्या नावाचं माणूस पण येईल, अडवू नको. झालं. ज्येष्ठात एक खोटा फोन करून बघितला, सगळ्या आळीत व्यवस्थित वाजला. जुनं मशीन मागच्या खोलीत गेलं, पाइप आणि स्टार्टरच्या ढिगामागं, फळीवर.

आषाढ सरला. दिव्याची अमावस्या झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सिंधूबाई माझ्या दारात आली. हातात फोन, आणि अंगावरची साडी नीट नाही.

"तुमच्या मालकांचा फोन आलता," ती म्हणाली.

मी मटकी निवडत होते. हात थांबला. "काय म्हनले?"

"पाणी येतंय म्हनले."

तिच्या वरच्या घरीही तोच फोन आला होता. आळीतली माणसं नदीकडं पळाली. नदीत गुडघाभर पाणी, म्हशी बसलेल्या, त्यांच्या पाठीवर बगळे. वरून पाणी सुटल्याची कोणाला काही खबर नाही. लोक ऑफिसला आले. बन्सी नुकताच जेवून आला होता, बोटं अजून ओली होती.

"हितनं फोन गेलेलाच न्हाई," तो म्हणाला. त्यानं वही उघडावी तसं मशीनवरचं पान उघडून दाखवलं. "हे बघा. आन् जाणार कसा? आतल्या डबीला काल दुपारपासून इंटरनेटच न्हाई. मी तेच बघत बसलोय."

"मग कुठनं आला?" सिंधूबाई म्हणाली.

बन्सी ते पान परत वरपासून वाचायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला फोन वाजला तो सिंधूबाईच्या शेजारच्या घरात आणि त्याच्या शेजारच्या. तेच शब्द. तिसऱ्या दिवशी पुढची दोन घरं. आवाज आळीनं खाली येत होता, पोस्टमन येतो तसा, एकेक दार घेत. मधलं एक दार सुदर्शनचं होतं. तो करोनात गेला, त्याचा नंबर कंपनीनं दुसऱ्या कोणाला देऊन टाकला होता. त्या दुसऱ्याचा सोसायटीच्या फोनवर उलटा फोन आला, रांजणगावला कामाला असलेला बिहारचा कोणी तरी. "भैया, कोई दादाजी डाँट रहे हैं. क्या बोल रहे हैं, समझ नहीं आता. रो भी रहे हैं क्या?"

"रो न्हाई रहे," बन्सी त्याला म्हणाला. "उनका आवाज ही वैसा है."

खरंच तसाच होता.

गावाच्या दोन गोष्टी ध्यानात आल्या. फोन फक्त दुपारी येतो, बन्सी जेवायला उठला की. आणि मालकांनी मरणाआधी बन्सीकडून शब्द घेतला होता, तो त्यानं पाळला नव्हता. दोन्ही एकत्र करायला गावाला वेळ लागला नाही. बन्सी उठला की आप्पा खुर्चीवर बसतात, असं पारावर ठरलं. पोरं दुपारची सोसायटीकडून जायची थांबली. पोरं सोडा, बाप्येसुद्धा लांबून जायला लागले.

मला सांगायला लाज नाही, मीही झाडायला जाताना पहिल्यांदा खुर्चीकडं बघायचे. मग म्हणायचे, बसला असाल तर पाय वर घ्या, खालून झाडायचंय.

माझा मुलगा पप्पू सगळ्याची थट्टा करतो. त्यानं बोटांवर हिशोब घातला. "रोज दोन घरं. म्हंजी शुक्रवारी आपलं, आये. आप्पांना सांग, मोटारीचं बेअरिंग गेलंय, येताना घेऊन या." हसला, पण मालकांचा फोन, जो आम्ही अजून कोनाड्यात ठेवतो आणि ज्याचं रिचार्ज हाच मारतो, तो त्यानं गुरुवारी रात्री गुपचूप चार्जिंगला लावला. मी बघितलं.

खरा प्रश्न भुताचा नव्हताच. बन्सी मला म्हणाला, "काकू, आता खरं पाणी सुटलं तर काय? आतल्या डबीला नेट न्हाई, माझा फोन जाणार न्हाई. आन् समजा गेला, तर आप्पांच्या आवाजाला आता कोण उठणार? रोज खोटंच बोलतोय तो." चेअरमन बापूसाहेबांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत बघ, न्हाई तर ते मशीन बंद कर, आपण ग्रुपवर मेसेज टाकू.

"ग्रुपवर सकाळी चाळीस शुभ सकाळ आसत्यात, साहेब," बन्सी म्हणाला होता. "त्यात पाणी कुठं दिसणार?"

शुक्रवारी सकाळी दहाला धरणातून पाणी सुटल्याचा मेसेज ग्रुपवर आला. त्याच्यावर कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक होता, खाली हरवलेल्या शेळीचा फोटो. कोणी बघितला नाही. बन्सीनं बघितला, कारण तो त्याचीच वाट बघत होता. घाटाला पाणी यायला दुपारचे तीन-चार होणार. माझं झाडून झालं होतं तरी गेले नाही. त्यानं समोर स्टूल सरकवलं. मी बसले.

त्यानं पुन्हा पहिल्यापासून धरलं. डबी डब्याला, डबा पेटीला, पेटी जगाला. राखणदाराला विचारलं, त्यानं काही अडवलेलं नव्हतं. "डबीची चिठ्ठी बाहेर जातीय, काकू. उत्तर पण येतंय, दारापर्यंत. पण डबीच्या हातात पडत न्हाई. मधीच कोण तरी घेतंय."

"कोण?"

"तेच बघतो." मग त्यानं मशीनमध्ये अशी एक खिडकी उघडली की जिच्यातून तारेतली बोलणी दिसतात. ओळीच्या ओळी वर सरकत होत्या. एकच ओळ सारखी यायची. मी विचारलं, हे काय म्हणतंय?

"हे आपलं राऊटर. इंटरनेटवाली पेटी. ते विचारतंय, दहा नंबरच्या घरात कोण ऱ्हातं? मला सांगा."

"रोज विचारतं?"

"दर थोड्या वेळानं. मशीनी एकमेकींना असंच हुडकत्यात. ज्याचं घर आसन त्यानं 'मी' म्हणायचं." तो बोट ठेवून खाली वाचत गेला. "आन् हे बघा, डबी म्हनली, मी."

मग त्याचं बोट पुढच्या ओळीवर गेलं आणि तिथंच थांबलं. बाहेर कुठं तरी म्हैस हंबरत होती. पंखा फिरत होता, तरी त्याच्या कपाळावर घाम आला.

"काय झालं रं?"

"काकू," तो हळू म्हणाला, "एकदाच विचारलंय. आन् दोघांनी 'मी' म्हनलंय."

त्यानं परत वाट बघितली. ओळ आली. दहा नंबरच्या घरात कोण राहतं? मी. मी. दुसऱ्या 'मी'चं गोंदण पहिल्यासारखंच. एका नावाचे, एका नंबराचे दोघं, एका तारेवर. मी खुर्चीकडं बघितलं. तिच्यावर बन्सीच बसला होता, तेवढाच धीर.

"ह्या नंबराचं जगात एकच मशीन होतं," तो जणू स्वतःलाच सांगत होता. "ते मागं फळीवर हाय. आन् ते मी वैशाखातच बंद केलंय."

"बंद कुठं," मी म्हणाले. "दिवा लागतोय की त्याचा."

बन्सीनं मान माझ्याकडं वळवली.

काय केलं होतं ते मी सांगते. दिव्याच्या अमावस्येला आम्ही घरातले सगळे दिवे घासून, पाटावर मांडून पुजतो. समई, निरांजन, कंदील, पप्पूची बॅटरीसुद्धा. त्या दिवशी सणाचं आवरून दुपारी ऑफिस झाडताना मागच्या खोलीत मला ते जुनं मशीन दिसलं, धूळ खात. त्याच्या तोंडावर एक हिरवा दिवा असायचा. माझ्या मनात आलं, ह्या पेटीतून माझा माणूस इतकी वर्षं गावाला हाका मारत होता, आज ह्याचाच दिवा तेवढा काळा कशाला? मी पुसलं, पिन बोर्डात घातली, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. हळदीकुंकू वाहिलं, पुरणाच्या दिव्यातला एक त्याच्यापुढं ठेवला. आणि पूजेचा दिवा आपण हातानं विझवत नाही, तो आपसूक शांत व्हायचा असतो. म्हणून तसाच ठेवून आले. तेल संपलं की विझेल, असं काही मनात आलं असावं. विजेचं तेल संपत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण तेव्हा सुचलं नाही.

इंटरनेटची तार त्याला आधीपासूनच लागलेली होती. मागं नेताना लांब तारेसकटच ते फळीवर ठेवलं होतं, ती कोणी काढलीच नव्हती.

आम्ही मागच्या खोलीत गेलो. पाइपांमागं अंधारात तो हिरवा दिवा लुकलुकत होता. कुंकू त्याच्या पत्र्यावर तसंच. बन्सीनं टीव्हीसारखा पडदा आणून त्याला जोडला. वरच्या कोपऱ्यात तारीख होती, सहा वर्षांपूर्वीच्या पुराची.

"ह्याचं घड्याळ मेलंय," बन्सी म्हणाला. "ह्याच्या हिशोबानं आज तोच दिवस हाय. त्या पुराला फोन अर्ध्यावर आसताना लाईट गेली होती, आठवतं? घड्याळ मागं गेलं, तशी तीच पोटात पडून ऱ्हायलेली अर्धी यादी हे पुरी करतंय. बारा वाजता मी जेवायला जाताना आतल्या डबीला झोपवतो, तिची नक्कल काढायला. ती गप झाली की तारेवर हे एकटंच. तवा ह्याचे दोन फोन लागत्यात. मी आलो, डबी उठवली, की दोघांची ओढाताण, आन् कोणालाच काय मिळत न्हाई."

मला निम्मं कळलं. पण एवढं कळलं की ह्या खोलीत अजून तो दिवस चालू होता, आणि त्या दिवशी माझे मालक जिवंत होते. जेवून ओट्यावर बसले होते. पूर बघायला जाऊ म्हणत होते.

बन्सी पडद्याकडं बघत होता. यादीत पुढचं नाव होतं, हौसराव.

"आमचा नंबर हाय यादीत?" मी विचारलं. "आम्हाला तर सहा वर्षांत कवा फोन आला न्हाई."

"आप्पा गेल्यावर मी काढला," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता. "म्हनलं, तुम्ही उचलायच्या, आन् ते बोलायचे. ही जुनी यादी हाय, हिच्यात ऱ्हायला."

तेव्हा मला कळलं की दर पुराला हा माणूस चिखल तुडवत माझ्या दारात का यायचा. मला वाटायचं, चहासाठी.

"काकू," तो म्हणाला, "बाराला पाच कमी हायत. आता आतल्या डबीला पाच मिनटं गप केलं, तर पुढचा फोन तुमच्या घरी जाईल. तुम्ही घरी जावा, मी थांबतो. पाणी यायला टाइम हाय. आन् हे एकदा बंद केलं की मी पुसणार. मग परत न्हाई यायचा."

आवाज काय, बन्सीनं मला कधीही ऐकवला असता. मी कधी मागितला नाही. आपण मागून ऐकणं वेगळं, आणि त्यांनी होऊन आपल्याला फोन करणं वेगळं. माझा पाय दाराकडं वळला होता, खोटं कशाला सांगू. पण रंभाचं घर आळीत सगळ्यात खाली. तिचा मुलगा त्या वेळी नदीत उभा राहून मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या तोंडची जाळी, साफ करत असणार, रोजच्यासारखा. पाच मिनिटं त्याची होती, माझी नव्हती.

बन्सीनं पिनेला हात घातला. मी म्हणाले, "थांब. दिवा मी लावलाय." आणि मीच पिन काढली. तो हिरवा दिवा लगेच विझला नाही. एक दमभर राहिला, मग गेला.

पुढच्या खोलीत येऊन बन्सीनं पडद्यावर बघितलं. दहा नंबरच्या घरात कोण राहतं? मी. एकच. त्यानं बटण दाबलं. लांबून, आळीच्या वरच्या अंगाला फोन वाजायला लागलेले मला ऐकू आले. मग त्याच्या खाली. मग त्याच्या खाली.

आणि कोणी उठलं नाही. बन्सीनं म्हटलं होतं तेच झालं. हौसरावाचं रोजचंच आहे, असं म्हणून लोकांनी फोन खाली ठेवले. बन्सीनं एकदा घड्याळाकडं बघितलं. बारा वाजून गेले होते, तो जेवायला गेला नव्हता. गावात हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यानं मोपेडला किक मारली आणि यादीच्या क्रमानं, वरच्या घरापासून सुरू झाला. सिंधूबाई नंतर सांगत होती, "जेवायच्या टायमाला बन्सी दारात बघितला, तवाच म्हनलं, आज खरं हाय." आपल्याच डोळ्यांनी बघितलं तेव्हा माणसं उठली. पप्पूनं दोर घेतले, रंभाच्या मुलाला सगळ्यात आधी बाहेर बोलावलं, मग मोटारी ओढल्या. साडेतीनला पाणी आलं तेव्हा काठाला एकही मोटार नव्हती आणि नदीत एकही माणूस नव्हतं.

मी घरी गेले, तर कोनाड्यातल्या फोनवर लाल खूण होती. कोणाचा तरी फोन येऊन गेला होता. पप्पू म्हणाला सोसायटीच्या नंबरावरून आहे, आणि वेळ वाचून दाखवू का म्हणाला. मी नको म्हणाले. मी पिन काढायच्या आधीचा असेल किंवा नंतरचा. वेळ वाचायला मला चष्मा लागतो, आणि मी तो त्या दिवशी घातला नाही.

जुन्या मशीनमधलं बन्सीनं त्याच संध्याकाळी पुसलं. आतल्या डबीतलं पाणी उतरल्यावर पुसतो म्हणाला होता. पण तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या छातीत दुखायला लागलं. दौंडला मुलीकडं नेलं, तिथून दवाखान्यात, आणि तो काही परत आला नाही. आता पेटी आहे, पेटीत डबा आहे, डब्यात डबी चालू आहे. तिच्यात शिरायचा रस्ता गावात कोणाला माहीत नाही. बापूसाहेबांनी पुण्याहून एक माणूस आणला होता. तो दिवसभर बसला आणि म्हणाला, आत कोणीतरी चालू आहे एवढं दिसतंय. मी अजून ऑफिस झाडते.

पण त्या शुक्रवारी, पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलं होतं तेव्हा, बन्सी आमच्या दारात आला. गुडघ्यापर्यंत चिखल. सकाळपासून मी त्याच्यासमोरच होते, पिन मीच काढली होती, आमची मोटार पप्पूनं कधीच वर घेतली होती, आणि हे सगळं त्याला माहीत होतं. तरी तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला, डोक्यावरची टोपी सरळ केली.

"काकू, नदीला पाणी येतंय. मोटार वर घ्या."

"घेतली," मी म्हणाले. "चहा घेतो का?"

"न्हाई. जेवायचंय आजून."

मोपेड पहिल्या किकला लागली नाही. दुसऱ्या किकला लागली, आणि तो गेला.